गिऱ्हाईक जन्माला यायच्या आधी

सोनपेठ तालुक्यात कुणाच्या घरी पाळणा हलणार आहे हे सगळ्यांत आधी डॉक्टरला कळतं, असं ज्याला वाटतं त्याची माझ्या मामीशी ओळख नाही. डॉक्टरला निदान पेशंट समोर यावा लागतो. मामीला लग्नपत्रिका पुरते.

मामी कुंच्या शिवते. कुंची म्हणजे तान्ह्या बाळाचं डोकं, कान आणि पाठ एकदमच झाकणारं, हनुवटीखाली बंद बांधायचं खणाचं टोपडं. पूर्वी ती गल्लीपुरती शिवायची आणि बदल्यात बारशाला जेवून यायची. मग बचत गटाच्या बायकांना ऑनलाइन विक्री शिकवायला शहरातून एक मॅडम आल्या, मामी पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि मामांच्या शांत म्हातारपणाचा तिथेच शेवट झाला. मॅडम म्हणाल्या, "आपलं गिऱ्हाईक कोण ते आधी ओळखा आणि ते दुसऱ्या दुकानात जायच्या आत त्याला गाठा." बाकीच्या बायकांनी हे वहीत लिहून घेतलं. मामीनं मनावर घेतलं. घरी येऊन तिनं वर्षभराच्या लग्नपत्रिका तारखेवार लावल्या आणि पत्रिकांवर छापलेल्या निमंत्रकांच्या मोबाइलवर कुंच्यांचे फोटो धाडले. दुसऱ्याच दिवशी एका नवरदेवाच्या चुलत्याचा मामांना फोन आला. "अवो, आमच्या घरी अजून सत्यनारायण व्हायचाय, आन् तुमच्या घरून कुंची आलीया." मामा निवृत्त ग्रामसेवक. आयुष्यभर त्यांनी सरकारच्या वतीनं लोकांची माफी मागितली, आता मामीच्या वतीनं मागतात. पोखर्णीच्या एका लग्नात तर मामीनं नवरीच्या हातात आहेर ठेवला आणि कानाशी लागून सांगितलं, "घाई न्हाई बाई, पण घेशील तवा माझ्याकडूनच घे."

मी परभणीला कॉलेजात शिकवतो. इंग्रजी आणि पासवर्ड हा मामीच्या मते एकच विषय असल्यामुळे तिचं ॲपवरचं दुकान सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दर रविवारी एसटीनं सोनपेठला जायचं, मामीच्या हातचं खायचं आणि तिच्याशी भांडायचं. पहिलं भांडण मापांवरून झालं. ॲपवर स्मॉल, मीडियम, लार्ज लिहावं लागतं. मामी म्हणाली, "लेकरू म्हंजे काय शर्ट हाय का?" तिची मापं तीनच: बारशाची, रांगती आणि दात आल्याची. बंगळुरूच्या एका बाईनं विचारलं की सहा महिन्यांच्या बाळाला कोणती बसेल. मामीनं उत्तर लिहायला लावलं, तोंड उघडून बघा आणि कळवा.

फोटोचीही तीच गत. मामीचा स्वतःचा नातू पुण्याला अस्वलाच्या कानांची टोपी घालून वाढतोय, आणि सुट्टीत आला की कुंची दिसताच भोकाड पसरतो. शेवटी मामीनं एक लाल भोपळा आणला, त्याला कुंची बांधली, नजर लागू नये म्हणून गालावर काजळाची तीट लावली आणि फोटो काढला. भोपळा इतका गोंडस दिसला की ऑर्डरी दुप्पट झाल्या. एकानं तर भोपळा सोबत येतो का असंही विचारलं. "भोपळा आमचा आमी खाल्ला," हे मामीचं उत्तर अजून त्या पानावर आहे. लोक कुंचीच्या अस्तराचीही फार तारीफ करतात. इतकं मऊ सुती कापड बाजारात कुठं मिळत नाही, असं नागपूरच्या एकीनं लिहिलं होतं. खरंच मिळत नाही. ती मामांची जुनी धोतरं आहेत, तीनदा उकळलेली. तारीफ जसजशी वाढली तसतसे मामा पायजम्यावर आले.

पण मामीची खरी खोड फोनची. पार्सलवरच्या चिठ्ठीतला गिऱ्हाइकाचा नंबर ती उतरवून घ्यायची आणि माल पोचला की फोन करायची. लेकरू कितव्या महिन्यातलं, टाळू भरता का, कान टोचले का, सासू तेल कोणतं लावते. एका बाईनं अभिप्रायात लिहिलं, "कुंची छान आहे, पण काकू फार फोन करतात." मग ॲपवाल्यांची ताकीद आली. गिऱ्हाइकाला परस्पर फोन करायचा नाही, पुन्हा तक्रार आली तर दुकान बंद. मी ती मामीला मराठीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "गिऱ्हाइकासंगं बोलायचं न्हाई तर दुकान कशाला म्हणायलेत? गोदाम म्हणा की." मी तिला पोखर्णीच्या नरसिंहाची शपथ घातली. चौदा दिवस ती टिकली.

पंधराव्या दिवशी, रविवारी दुपारी, एक पार्सल परत आलं. मामीच्या दुकानात तोवर एकही वस्तू परत आली नव्हती. जांभळ्या खणाची, मोत्यांची झालर लावलेली, बारशाच्या मापाची कुंची होती. पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. ॲपवर परतीचं कारण एका ओळीत होतं, "आता गरज नाही." मी वाचलं आणि मामीचा पारा चढला. "गरज न्हाई म्हंजे? त्यांच्या लेकराला डोकं न्हाई का?" मी म्हटलं, "मामी, फोन करू नका, दुकान बंद होईल." मामा जागचे उठले. तोवर तिनं नंबर लावला होता.

"मी सोनपेठहून बोलायलेय, कुंचीवाली. तुमी पिशवी बी उघडली न्हाई. काय खोट दिसली तेवढं सांगा."

पलीकडून काय आलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. मामी हळूच मशीनच्या स्टुलावर बसली.

"कवा?" तिनं विचारलं. मग, "कितवा महिना होता?" तिनं परत आलेली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"बरं केलंस पाठवलीस," ती शेवटी म्हणाली. 'तुमी'चं 'तू' कधी झालं ते तिलाही कळलं नसेल. "डोळ्यापुढं कशाला ठेवायची. माझ्यापाशी ऱ्हाऊ दे. जेवलीस का तू?"

पलीकडचं ऐकून तिनं आमच्याकडे बघितलं. "न्हाई म्हणतीय," ती म्हणाली, जणू ती बाई शेजारच्या खोलीतच होती. पुन्हा फोन कानाला. "मंग ऊठ. घरात कोण हाय? कामावर गेलेत व्हय. भाकरीच्या नादी लागू नको, खिचडी टाक. तांदूळ कुठंयत? जा, काढ. मी फोन ठेवत न्हाई."

आणि तिनं ठेवला नाही. कुकर कोणता, डाळ किती, हळद सापडली का, असं तासभर चाललं. मामी मधूनच "हं" म्हणायची आणि थांबायची. मामा पायजम्याची नाडी चाळवत दारात उभे होते, त्यांनी आपण होऊन चहा केला. एकदा पलीकडच्या कुकरची शिटी आमच्या खोलीत स्पष्ट ऐकू आली. मग मामी म्हणाली, "आता ताटात घे. गरम हाय, फुंकून खा." ती खाऊन होईपर्यंत फोन तसाच कानाला होता.

आठवडाभर मी तक्रारीची वाट बघितली. आली नाही. वस्तू पुन्हा विक्रीला ठेवायची का, असं ॲपनं विचारलं तेव्हा मामीनं माझा हात धरला. "ती न्हाई विकायची," एवढंच म्हणाली.

याला आता वर्ष होऊन गेलं. मामीची बोटं हल्ली आखडतात, कुंच्या कमी निघतात, आणि नवीन गिऱ्हाईक आणायचा तिचा उत्साहही पूर्वीइतका राहिलेला नाही. गेल्या रविवारी गेलो तेव्हा ती फोनवर होती. आमटी खारट झाली तर कणकेचा गोळा सोडावा की बटाटा, यावर बोलणं चाललं होतं. कोण म्हणून मी हातानंच विचारलं. मामीनं फोनवर तळवा ठेवला.

"माझी हाय एक," ती म्हणाली, आणि पुन्हा आमटीकडे वळली.