संग्रहित दृश्य

किल्लीवाल्याला टीव्हीवर सगळ्यांत आधी पाहिलं ते समोरच्या न्हाव्याने. गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता त्याची नजर सहज भिंतीवरच्या टीव्हीकडे गेली, आणि अर्धवट फेसातलं गिऱ्हाईक तसंच खुर्चीत सोडून तो ब्रश हातात घेऊन रस्त्यावर आला.

"किल्लीदादा, अहो तुम्ही टीव्हीवर! पटकन या, पटकन!"

दादा चष्मा सांभाळत रस्ता ओलांडून पोचेपर्यंत पडद्यावर टूथपेस्टची जाहिरात लागली होती. न्हाव्याच्या दुकानात टीव्हीचा आवाज कायम बंद, कारण तिथे रेडिओ चालू असतो. त्यामुळे दादा टीव्हीवर नेमके कशासाठी आले होते ते कोणालाच कळलं नाही. पण आले होते हे नक्की, आणि गल्लीला तेवढं पुरेसं होतं. चहावाल्याने ग्लास काठोकाठ भरून दिला. शेजारच्या घड्याळवाल्याने मात्र तोंड वाकडं केलं.

"मीपण होतो म्हणे. पण अर्धाच. डावा गाल आणि एक कान. उरलेला मी बहुतेक पुढच्या भागात असेन."

हे दोघं एका जुन्या कचेरीच्या जिन्याखाली, मध्ये फक्त एक फळी ठेवून, वीस-बावीस वर्षं बसत होते. फळीच्या अलीकडे दादांचं किल्ल्या कापायचं यंत्र, कानशी, तारेला लटकवलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि सगळीकडे पितळेचा भुसा. पलीकडे घड्याळवाल्याची काचेची पेटी, आणि डोळ्याला भिंग लावून तिच्यावर वाकलेला तो. दादांचे आजोबासुद्धा याच गावात कुलपं दुरुस्त करायचे. घड्याळवाला मूळचा इथला नव्हता. लहानपणी आईचं बोट धरून कुठून तरी डोंगरापलीकडून आला होता, आणि अजूनही चिडला की त्याच्या बोलण्याला तिकडचा हेल यायचा. दादांना त्याचं एवढंच वाटायचं की हा चिडला म्हणजे ऐकायला मजा येते.

दादांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्याने महिनाभर दोन्ही दुकानं चालवली होती. किल्ल्या काही त्याला जमल्या नाहीत. निम्मी गिऱ्हाइकं परत येऊन भांडली, आणि ती भांडणं त्याने निमूट ऐकून घेतली. दादा परत आल्यावर म्हणाला, "तुमचं नाव मी पार धुळीला मिळवलंय. आता बसा नव्याने कमावत."

तर दुसऱ्या दिवशी तोच कार्यक्रम वहिनींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, घरी आवाजासकट पाहिला. ढोल-नगाऱ्यांचं संगीत, लाल पट्ट्या, आणि मध्यभागी तो निवेदक, जो बोलत नाही, कायम कोणावर तरी धावून जात असतो. कार्यक्रमाचं नाव 'आपल्यातले परके'. तो ओरडत होता की बाहेरून आलेले लोक आपल्या गल्ल्यांत, आपल्या जिन्यांखाली, आपल्या विश्वासात शिरून बसले आहेत. हे चालू असताना त्याच्या मागे दादा दिसत होते. एक डोळा मिटून, किल्ली उजेडात धरून तिचे दाते तपासणारे, आणि मग एकदम मान वर करून सरळ तुमच्याकडे बघणारे. बाजूला भिंग लावलेला अर्धा घड्याळवाला. खाली मोठ्या अक्षरांत: 'तुमच्या घराची किल्ली कोणाच्या हातात?'

ते चित्रण दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यातलं होतं. उकाड्याने बाजार कसा ओस पडलाय अशी काहीतरी बातमी होती, आणि कॅमेरावाल्याने जाता जाता या दोघांना टिपलं होतं. दादांनी त्याला पाणीही दिलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात अगदी बारीक अक्षरांत 'संग्रहित दृश्य' असं लिहिलेलं होतं. पण कोपरा वाचायला टीव्ही कोण लावतं?

"अहो, हे तुमच्याबद्दल बोलतायत का?" वहिनींनी विचारलं.

"माझ्याबद्दल कशाला बोलतील? चित्र हवं असतं त्यांना मागे काहीतरी. लावलं माझं." दादा हसले. पण आवाज त्यांनीच कमी केला.

ते चित्र रोज लागायला लागलं. नुसतं लागलं असतं तरी एखादे वेळी लोक विसरले असते. पण त्याच वाहिनीवर त्याच्या आधी जुन्या लढायांची एक मालिका असायची, आणि ती बघायला अख्खी गल्ली जेवणं उरकून बसायची. त्यात एक शहर होतं, त्याला शत्रूचा वेढा होता, आणि शहरात मिठाला न जागणारा एक माणूस होता. इतका साधा, गोड बोलणारा की कोणाला संशय येऊ नये. त्या आठवड्यात त्याने वेशीचं दार आतून उघडलं. बायका रडल्या, पुरुष मुठी आवळून बसले. डोळे पुसून होतात तोच नगारे वाजले आणि पडद्यावर दादा आले, हातात किल्ली घेऊन. ही जुळणी कोणी मुद्दाम केली होती की आपोआप झाली होती, देव जाणे. पण गल्लीतली मुलं दुसऱ्या दिवशी दार उघडणारा फितूर आणि शिपाई असा खेळ खेळली, आणि ज्याच्यावर राज्य आलं त्याने एक डोळा मिटला. दादांनी ते पाहिलं.

मग गिऱ्हाइकं बदलली. आधी किल्ली टाकून बाजारहाट करून येणारी माणसं आता यंत्रासमोर उभी राहायला लागली. "एकच काढताय ना?" असं विचारायला लागली. एका बाईंनी कापलेली किल्ली घेतली, मूळची घेतली, आणि जाताना यंत्राखाली वाकून बघितलं. दादांना रागच यायला हवा होता. आला नाही. त्यांनी उलट यंत्र उचलून दाखवलं आणि म्हणाले, "बघा ताई, काही नाही." आपण हे केलं याची त्यांना संध्याकाळपर्यंत शरम वाटत राहिली.

मग त्यांच्याच इमारतीत, जिथे प्रत्येक दाराचं कुलूप त्यांनी आपल्या हाताने बसवलेलं होतं, एकेक दार नवं कुलूप लावून घ्यायला लागलं. बाहेरून माणूस बोलावून. ठोकण्याचा आवाज दुपारभर जिन्यात घुमायचा. दादा घरात बसून कान देऊन ऐकायचे. आज दुसरा मजला. आज आपल्या शेजारचे. वहिनी नळ मोठा सोडून भांडी घासायच्या, म्हणजे तो आवाज ऐकू येऊ नये.

अमुक एका गोष्टीची भीती असती तर माणसाने तिचा बंदोबस्त केला असता. दादांना आता सगळ्याचीच भीती वाटायला लागली. जिन्यात पावलं थांबली की भीती, थांबली नाहीत तरी भीती. दुकानात काम करताना उजेडात किल्ली धरायचीही भीती, कारण तसं बघितलं की आपण त्या चित्रातल्यासारखे दिसतो. ते खाली मान घालून, अंदाजाने कानस मारायला लागले. किल्ल्या चुकायला लागल्या.

एका सकाळी घड्याळवाल्याची काचेची पेटी फोडलेली निघाली. बारीक चाकं, काटे, स्क्रू सगळे रस्त्यावर. तो गुडघे टेकून एकेक वेचत होता. दादा झटकन खाली वाकले. दोन चाकं उचलली असतील, तेवढ्यात त्यांना समोर न्हाव्याच्या दारात उभे असलेले चार-पाच जण दिसले. नुसते बघत होते. दादांनी हातातली चाकं खाली ठेवली आणि चपलेचा पट्टा नीट करत असल्यासारखं केलं. मग उठून फळीच्या अलीकडे गेले.

"राहू द्या दादा," घड्याळवाला मान वर न करता म्हणाला. "तुमच्या डोळ्यांना ताण पडेल."

त्यानंतर तो दुकान उघडायला आला नाही.

त्याच संध्याकाळी इमारतीचे सेक्रेटरी दादांच्या घरी आले. माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, पण त्याच्याकडे अधिकार होता म्हणून ते कळत नव्हतं.

"हे बघा दादा, तुमच्या तीन पिढ्या इथल्या. तुमच्याबद्दल आम्हाला शंका नाही. पण लोकांना समजवायचं कोणी? माझ्या ओळखीने त्या वाहिनीची एक मुलगी येईल. कॅमेऱ्यासमोर सांगून टाका काय ते. एकदा टीव्हीवर आलं की लोकांचा विश्वास बसेल."

"टीव्हीमुळेच तर हे झालं," वहिनी म्हणाल्या.

"म्हणूनच तर, वहिनी," सेक्रेटरी म्हणाले, आणि त्यांना स्वतःला ते पटलेलंही होतं.

मुलगी आली ती हसतमुख. 'काका, काका' करत तिने दादांची कॉलर नीट केली, शर्टाला माईक लावला, चेहऱ्यावरचा घाम टिपायला कागदी रुमाल दिला. सेक्रेटरी आणि इमारतीतले दोघं-तिघं कॅमेऱ्याच्या मागे उभे होते.

"काका, तुम्ही इथलेच ना?"

"आजोबांपासून."

"आणि तुमच्या शेजारी बसणारे? त्यांच्याबद्दल काय सांगाल?"

सांगण्यासारखं पुष्कळ होतं. बिनसाखरेचा चहा पितो. बायकोला दम्याचा त्रास आहे. चिडला की हेल काढतो. महिनाभर माझं दुकान चालवलं आणि किल्ल्यांची वाट लावली. यातलं एखादं वाक्य तोंडातून निघालं असतं तर ही गोष्ट वेगळी झाली असती, किंवा नसतीही झाली. पण कॅमेऱ्याच्या मागची माणसं श्वास रोखून उभी होती, आणि प्रत्येकाच्या दाराला नवं कुलूप होतं.

"त्यांची माझी ओळख नाही," दादा म्हणाले. "ते त्यांचं काम करतात, मी माझं."

"छान बोललात काका," मुलगी म्हणाली आणि तिने माईक काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादांच्या बाहेरच्या खोलीत सेक्रेटरी, शेजारचे नवरा-बायको आणि न्हावी असे सगळे जमले. दादांच्या जिवात थोडा जीव आला होता. बऱ्याच दिवसांनी लोक घरी आले होते, पलंगावर टेकले होते, वहिनींच्या हातचा चहा पीत होते. न्हावी तर म्हणाला, "आता उद्यापासून बघा दादा, रांग लागेल."

नगारे वाजले. दादा दिसले, स्वच्छ शर्टात. "त्यांची माझी ओळख नाही." सेक्रेटरींनी मान डोलावली.

मग पडद्यावर घड्याळवाला आला. बंद दुकानासमोर उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले. माईक त्याच्याही तोंडासमोर धरला होता. तो सावकाश, हेल येऊ न देता म्हणाला, "किल्लीवाल्यांना मी ओळखत नाही. त्यांचा माझा काही संबंध नाही."

शेजारच्या बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

निवेदक पुढे झुकला. दोन्ही चेहरे त्याने शेजारी शेजारी लावले. "ऐकलंत? वीस वर्षांहून जास्त! एका जिन्याखाली, खांद्याला खांदा लावून! आणि दोघंही म्हणतात ओळख नाही! का? कोणी शिकवलं यांना एकच उत्तर? काय लपवतायत हे दोघं?" ते चेहरे मोठे मोठे होत गेले. मध्ये लाल रंगात एक प्रश्नचिन्ह उमटलं. या वेळी कोपऱ्यात संग्रहित वगैरे काही लिहिलेलं नव्हतं, कारण दृश्यं ताजीच होती.

आधी शेजारच्या बाई उठल्या. कप खाली ठेवला, तोही आवाज न करता. मग त्यांचा नवरा. न्हाव्याने दादांकडे बघायचं टाळलं. सेक्रेटरी दारापर्यंत जाऊन थांबले.

"दादा, मला आता यात काही करता येणार नाही," ते म्हणाले आणि गेले.

वहिनींनी दार लावून कडी घातली, टीव्ही बंद केला. पण वरच्या, खालच्या, शेजारच्या घरांतून तोच निवेदक ओरडतच होता. भिंतींतून दादांचं तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं. खाली रस्त्यावर कोणीतरी कोणालातरी हाक मारली, आणि आणखी दोन आवाज त्यात मिसळले. दादा पलंगाच्या कडेला बसले.

फोन वाजला. वहिनींनी तो उचलून दादांच्या हातात दिला.

"दादा, मी बोलतोय." घड्याळवाला धापा टाकत होता. पलीकडेही तोच निवेदक ओरडताना ऐकू येत होता. "चुकलं हो माझं. ती मुलगी आज सकाळी माझ्याकडे आली. म्हटलं, माझ्याशी ओळख निघाली तर तुमची आणखी पंचाईत. तुम्ही तरी सुटा. म्हणून सांगून टाकलं, ओळखत नाही म्हणून. मला काय माहीत तुम्हीही तेच सांगितलं असेल!" तो हसायचा प्रयत्न करत होता. "आपण दोघंही येडेच. आधी एकमेकांना विचारायला हवं होतं."

जिन्यात पावलं वाजली, वर चढली आणि थांबली. वहिनींनी दाराकडे पाहिलं, मग दादांकडे.

"दादा? आहात ना? तुम्हीही माझ्यासाठीच म्हणालात ना ते?"

"हो," दादा म्हणाले. "तुझ्यासाठीच."

"तेच," घड्याळवाला म्हणाला. "मी बायकोला मघापासून तेच सांगतोय."