पेढे आधी, जंगल नंतर

आमच्या लातुरात निकालाआधीच पेढ्यांची ऑर्डर द्यायची पद्धत. क्लासेसचं पेव फुटलं होतं तेव्हाची ही गोष्ट. माझ्या मोठ्या भावाचाही जीवशास्त्राचा क्लास जोरात होता. नांदेडला माझं एम.एस्सी. संपलं की मी तिथं शिकवायचं, असं घरात ठरून गेलेलं. पत्रकावर माझं नाव छापूनही झालं होतं. मला मात्र पुढं संशोधन करायचं होतं, आणि वडिलांपुढं ते बोलायची छाती होत नव्हती.

वेड लावलं होतं एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी घेतलेल्या किनवटच्या जंगलानं. मोहाची फुलं वेचायला झाडाखालचा पालापाचोळा पेटवतात, तसा कुणीतरी पेटवला आणि उन्हाळ्यात एक अख्खी टेकडी जळाली. उपग्रहाच्या चित्रात तिचा काळा डाग उमटला. जिवंत हिरवळ त्या चित्रात लाल दिसते, एवढं मी क्लासच्या सवयीनं घोकून ठेवलं होतं. दसऱ्यानंतरचं चित्र संगणकावर उघडलं आणि मी खुर्चीतून उठलेच. डाग लालभडक झाला होता, शेजारच्या न जळलेल्या जंगलाहूनही लाल! एका पावसाळ्यात जंगल परत आलं होतं आणि ते सगळ्यांआधी मी पाहिलं होतं. मी धावत जाऊन पेढे आणले.

प्रकल्पाच्या सरांनी पेढा हातात घेतला, पण खाल्ला नाही. आधी जाऊन बघून या, म्हणाले.

किनवटची एसटी धरली. एका वनरक्षकाला सोबत घेऊन टेकडी चढले आणि माझं तोंडच उतरलं. जिकडंतिकडं कमरेएवढा तरोटा. आमच्याकडं उकिरड्यावर माजतो तोच. आभाळातून त्याचीच लाली दिसत होती. उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग, दुसरं काय! स्वतःचा इतका राग आला की मी तो तरोटा उपटायलाच बसले.

आणि खाली दिसलं. जळक्या सागाच्या बुडातून कोंब फुटला होता, पानं पत्रावळीएवढी. पलीकडच्या बुडालाही तसाच. मग मी काट्याकुट्यांतून रांगत एकेक बूड बघत सुटले, हात खरचटले तरी हसत होते. हे कोंब तरोट्याच्या वर निघतात की पुढचा वणवा त्यांना गिळतो, ते एका चित्रावरून कळणार नव्हतं. दरसाल चित्र बघायचं आणि दरसाल इथं येऊन ताडून पाहायचं, असं ते काम होतं. ते मलाच करायचं होतं.

दिवाळीला गावी गेले. गाव म्हणजे भूकंपानंतर वसवलेलं नवं गाव, एकसारख्या घरांच्या सरळ रांगा. दोन्ही चित्रं वडिलांपुढं पसरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. भाऊ भडकला. एकदा बघितलंस, मार्क मिळतील, विषय संपला. त्याच टेकडीवर पुन्हापुन्हा जाऊन काय मिळणार, असं त्याचं म्हणणं.

वडिलांनी काळ्या डागाचं चित्र उचलून जवळ धरलं.

"भूकंपात लई लोक आले," ते भावाला म्हणाले. "फोटू काढले, घरं मोजली, गेले. हे लोक आता कसे हायेत म्हणून बघाया पुन्हा कोन्ही न्हाई आलं."

मग माझ्याकडं वळले.

"तू जात जा, माय. दरसाल जात जा."