शेळीच्या कानांचा उंदीर

कम्प्युटरच्या डब्यावर थाप मारल्याशिवाय तो काम सुरू करत नसे. बाजारात बैलाच्या पाठीवर मारतात तशी, सावकाश, पसरट थाप. मग टेबलाखाली शिरायचा, इंटरनेटची वायर उपटायचा आणि खालूनच म्हणायचा, "अक्का, आता ह्याला बाहेरचं कुणी दिसत न्हाई. आता ह्यो आपला."

तुमच्याही गावात असा एक जण असणारच. नसेल, तर तुमच्या कम्प्युटरात काय काय आहे आणि ते कुठून आलं, हे तुम्ही कधी विचारलेलं नाही.

कळमनुरीत आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. मी त्याची अक्का, तो माझा मानलेला भाऊ. हिंगोलीहून मोटारसायकलवर यायचा. गळ्यात काळ्या दोऱ्यात ताईतासारखा पेन ड्राइव्ह. त्यात चित्रं काढायचं, फोटो गोरे करायचं, मराठी अक्षरांचं, जे मागाल ते सॉफ्टवेअर असायचं. एकदा मी त्याला खऱ्या मालाची किंमत विचारली. आमच्या घरी आजोबा-पणजोबांपासून शेळ्यामेंढ्या. कुठलीही किंमत मला शेळ्यांतच कळते. त्यानं आकडा सांगितला तशी मी मनात एकेक शेळी दाव्यातून सोडायला लागले. अर्धा कळप गेल्यावर म्हटलं, "ऱ्हाऊ दे बाबा. तुझंच टाक."

"टाकतोच की. तिकडलं काही कमी होतंय का? शेळी नेली तर दावं रिकामं होतंय. हे नेलं तरी तिथल्या तिथंच ऱ्हातंय. मंग चोरी काहून म्हणायची?"

तेव्हाची मी म्हणजे काय विचारता! चष्मा डोक्यावर, पदर कमरेला आणि अक्कल भावाच्या पेन ड्राइव्हमध्ये. मला वाटलं, वा, काय बोलला! पत्रिका छापायला येणाऱ्या प्रत्येकाला मी ते वाक्य चहाबरोबर पाजायची.

सॉफ्टवेअर टाकताना पडद्यावर बारीक अक्षरांचं एक लांबलचक पान यायचं. छापलेलं दिसलं की वाचायचं, ही माझी धंद्यातली खोड. मी चष्मा नाकावर ओढायच्या आत तो बटण दाबून मोकळा. "खालचं बारीक वाचायचं न्हाई, अक्का. नुसतं व्हय म्हणायचं." आणि रोज सकाळी कम्प्युटर उघडला की एक चौकट विचारायची, परवाना कुठंय? तिथं 'नंतर' दाबायचं, हे त्यानं मला शिकवलं होतं. वसुलीवाल्याला दारातूनच 'मालक गावाला गेलेत' सांगावं, तसं मी वर्षानुवर्षं 'नंतर' दाबलं.

दुपारी तो आमच्यातच जेवायचा. भाकरी, लसणाची चटणी, वर कांदा बुक्कीनं फोडून. भाऊबीजेला आधी माझ्याकडं, मग जवळा बाजारला सख्ख्या बहिणीकडं. मी ते सगळ्यांना मुद्दाम सांगायची, 'आधी माझ्याकडं'.

धाकट्या लेकीचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या पत्रिकेचा गणपती मी स्वतः काढला. गणपती साधला. उंदराला बसले, तर हाताला सवय शेळ्यांची. कान खाली लोंबणारे उतरले. आमचे मालक म्हणाले, "ह्यो उंदीर हाय का करडू?" पण मला तो आवडला. त्याच्या पायाशी लेकरांची ओळ हवी. पत्रिकेवर असतेच ना आपल्याकडं, घरातल्या चिमुकल्यांचं आमंत्रण! खरंच लेकराचं अक्षर वाटावं म्हणून मी ती डाव्या हातानं लिहिली: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं! चिंगी आणि बाळ्या.' ही दोघं माझ्या पोराची लेकरं. ओळ उंदरासकट कम्प्युटरात घेतली.

पत्रिका गाजली. डोंगरकड्याहून लोक यायचे आणि म्हणायचे, "तो शेळीच्या कानाचा उंदीर पायजे." मग मी त्यांच्या घरच्या लेकरांची नावं विचारायची आणि प्रत्येक घरासाठी नवी ओळ डाव्या हातानं लिहायची. माझा हात शाईनं भरलेला आणि मान ताठ. दुकान त्या ओळीवर चालायला लागलं.

पुढच्या लग्नसराईत जवळा बाजारहून एक पत्रिका आली. चिंगी तेव्हा नुकती अक्षरं जुळवायला शिकली होती. ती ओरडली, "आजी, माझं नाव!" नवरी आमच्या नात्यातली ना गोत्यातली. चार दिवसांनी दुसरी आली, मग आणखी एक. चिंगीनं शेवटी विचारलंच, "आजी, मला किती आत्या हायत?"

मी हसले. मग एक गिऱ्हाईक भाव करताना म्हणालं, "अक्का, तुमी लई घेऊन राहिल्या. हिंगोलीत हाच उंदीर पेन ड्राइव्हवर भेटून राहिला, सगळ्या दुकानांत." तेव्हा हसू थांबलं. माझ्या कम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावणारा माणूस एकच होता.

तो आला, थाप मारली, जेवायला बसला. मी दुसरी भाकरी वाढली आणि ताटाशेजारी पत्रिका ठेवली.

"चांगली छापली," तो म्हणाला.

"उंदीर कुणाचा हाय, भाऊ?"

तो खोटं बोलेल म्हणून मी तयारीत होते. भांडायची वाक्यं सकाळपासून पाठ केली होती. पण त्यानं बोटाची चटणी चाटली आणि नेहमीच्याच मायेनं म्हणाला, "दिला दुकानदारांना. मागून राहिले होते. पर अक्का, तुमच्याकडलं काही कमी झालं का?"

मी उठून कम्प्युटर उघडला. गणपती होता. उंदीर होता, दोन्ही कानांसकट. कमी काहीच झालं नव्हतं. पाठ केलेली वाक्यं सगळी खोटं बोलणाऱ्यासाठी होती. तो भाकरी संपवून, "येतो, अक्का" म्हणून गेला.

मालक म्हणाले, "जा की पोलिसात. सांग, चोरीच्या सॉफ्टवेअरवरचा उंदीर चोरीला गेला." त्यांचंही बरोबरच. पण ती कंपनी त्याच्या ओळखीची नव्हती. तिनं त्याला कधी ओवाळलं नव्हतं.

त्या हंगामात डोंगरकड्याचं कुणी आलं नाही. तोही पुन्हा आला नाही. भाऊबीजेला मी ताट तयार करून संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं, एवढी मी शहाणी.

आता दुकान सून बघते. सॉफ्टवेअर खरं आहे, दर महिन्याला भाडं भरायचं. भाडं थकलं की आपणच काढलेलं चित्र कंपनीवाले आपल्याला धड उघडू देत नाहीत. म्हणजे तिकडलेही काही संत नाहीत. भावाचं आता हिंगोलीत बॅनरचं मोठं दुकान आहे. नमुन्यांवर म्हणे आडवं छापलेलं असतं, 'नक्कल करू नये'.

गेल्या महिन्यात त्याच्या पोरीचं लग्न झालं. पत्रिका आमच्याकडं आली नाही. कुणाकुणाकडून फिरत सुनेच्या मोबाइलवर आली. वर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव, खाली माझा गणपती. मी बोटांनी चित्र मोठं केलं. उंदीर कान लोंबवून माझ्याकडंच बघत होता आणि त्याच्या पायाशी माझ्या डाव्या हाताची वाकडी ओळ, चिंगी आणि बाळ्यासकट. खालचं बारीक त्यानं पोरीच्या लग्नातही वाचलं नव्हतं.

चिंगी आता नांदेडला कॉलेजात शिकते. सुट्टीला आली होती. हसून हसून खाली बसली. "आजी, साऱ्या जिल्ह्याला आमी बोलावून राहिलो! मंग आपल्याला कोण बोलावणार?"

लग्नाच्या दिवशी मी नवी साडी नेसून दुकानात बसले. सुनेनं विचारलं, कुठं निघालात का? म्हटलं, न्हाई. उगीच. ऐन वेळी कुणी 'अक्का, चला' म्हणालं तर साडी बदलण्यात उशीर नको व्हायला.