मोटार लावू नका

२४ मे, रविवार. सकाळी जिताडा साफ करायला घेतला. मासा मोठा होता. ओट्यावर आडवा ठेवला तर शेपटी सिंकमध्ये जात होती. पेपरवर ठेवून सुरीच्या पाठीने खवले काढायला सुरुवात केली. ते टणाटण उडून खिडकीच्या जाळीला चिकटत होते. मी मूळची साताऱ्याकडची. मासे कापायला शिकले ते थेट कॉलेजच्या प्रयोगशाळेत, त्यामुळे अजूनही पोटाला छेद देताना हात आपोआप सरळ रेषेत जातो. नवरा म्हणतो, "जेवायला वाढतेस की प्रॅक्टिकलची परीक्षा घेतेस?"

त्या दिवशी त्याने हे म्हटलं नाही. मासा कुठून आला ते त्याने ऐकलं होतं.

तासाभरापूर्वी खांदा कॉलनीतल्या आमच्या दारात बेल वाजली. खाडीकाठच्या गावात ज्यांच्या तलावात माझा सेन्सर बसवला आहे ते मालक बाहेर उभे होते. हातात बर्फाची पिशवी.

"मॅडम, तुमचा जिताडा."

"अहो, पण तुमच्या तलावातले तर सगळे..."

"आमचं गेलं. हा बायकोच्या मायेरचा हाय. शब्द दिलेला ना तुमाला, काम झालं की एक तुमचा. काल संध्याकाली जाऊन आनला."

मी म्हणाले, आत या, चहा टाकते. ते चप्पल काढेनात. म्हणाले, बसायला वेळ नाही, गावकी, म्हणजे गावाची बैठक, बोलावायची आहे, चार घरं अजून फिरायची आहेत.

"कशाला गावकी?"

"कशाला काय? चुलतभावाने तलावात औषध टाकलं, त्याला असाच सोडू? उद्या संध्याकाली बसवतोय. बुधवारी त्याच्या पोरीची हलद हाय. बघतो मी, आमच्या आलीतलं कोन जातं मांडवात. आमची म्हातारी तर सांगून बसली, धवलं गानार नाय."

त्यांची आई गावातली धवलारीण आहे. लग्नात धवले, म्हणजे विधींची गाणी, म्हणणारी बाई. तिकडच्या लग्नांत भटजी येतो तो येतो, पण हळदीपासून प्रत्येक विधीला धवले लागतात आणि ते तिच्या तोंडून. सख्ख्या चुलत नातीच्या लग्नात तीच गप्प बसली तर मांडवात आलेल्या प्रत्येकाला कारण कळणार, आणि ते कारण त्या मुलीच्या बापाला जन्मभर चिकटणार.

मला तेव्हाच सांगता आलं असतं. दारात, दोन वाक्यांत. मी म्हणाले, "पिशवी परत नेताय का?" ते म्हणाले, राहू द्या, आणि जिना उतरून गेले.

आता काय सांगायचं होतं ते लिहिते.

मी पनवेलच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. पन्नाशी जवळ आल्यावर पीएच.डी.ला नाव नोंदवलं, कारण त्याशिवाय बढती अडते. विषयाची आवड नंतर लागली. माझे मार्गदर्शक वयाने माझ्याहून बरेच लहान. ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर. खाडीकाठच्या तलावांतला प्राणवायू वाढत्या उष्म्यात कसा खालीवर होतो, हे मी मोजते.

या गावांत घराच्या मागे जिताड्याचे तलाव असतात. पावसाळ्यात खाडीतून पिल्लं आणून सोडायची, बारकी मासळी खायला घालायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची. विकायलाही हरकत नसते, पण मान देण्याला असतो. जावयाला, डॉक्टरला, अडलेलं काम करून दिलेल्या साहेबाला. मासा पाण्यात असतानाच तो कुणाचा हे ठरलेलं असतं. काम सुरू झालं त्या आठवड्यातच एक माझ्या नावाचा झाला होता.

सेन्सर म्हणजे मनगटाएवढी नळी. ती दोरीने पाण्यात सोडलेली असते, आणि पाण्याचं तापमान आणि त्यात विरघळलेला प्राणवायू मोजून माझ्या मोबाइलवर पाठवत राहते. दिवसा पाण्यातलं शेवाळ प्राणवायू तयार करतं. रात्री शेवाळ, मासे, तळाचा गाळ, सगळेच तो वापरतात. म्हणून उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. पाणी जितकं गरम, तितका त्यात तो मुळातच कमी मावतो. अलीकडे मे महिन्यात रात्रीही पाणी निवत नाही. वर दोन दिवस आभाळ भरून आलं आणि वारा पडला की दिवसाची भरही नीट होत नाही. अशा वेळी लोक मोटार लावून पाणी उंचावरून परत तलावातच पाडतात. पाणी उसळतं, हवा मिसळते, मासे वाचतात. हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत आहे.

मला दोन तलाव हवे होते. एकात रात्री मोटार चालवायची, दुसऱ्यात काहीच करायचं नाही, म्हणजे तुलना करता येते. काहीच न करण्याचा तलाव या मालकांचा. मी अंगणात उभी राहून सांगितलं होतं, "पंधरा दिवस मोटार लावू नका. काहीही झालं तरी."

मी वर्गात अशीच बोलते. काहीही झालं तरी जर्नल सोमवारी टेबलावर पाहिजे, म्हणते. मुलं बुधवारी आणतात, मी घेते. मुलांना माझं 'काहीही' किती ताणलं जातं ते माहीत असतं. या घराला माहीत नव्हतं. मालक म्हणाले होते, "तुमी बोललात म्हंजे नाय लावनार." मी मान डोलावली आणि पुढच्या कामाला लागले.

गुरुवारी पहाटे मोबाइल वाजला. प्राणवायू ठरावीक पातळीखाली गेला की वाजेल अशी सोय मीच करून ठेवली होती. उठून पाहिलं तर रेषा खाली उतरत होती, एकसारखी, कुठेही न अडखळता. दोन दिवस आभाळ होतं. पंख्याखालीसुद्धा घाम येत होता. मला कळलं काय चाललंय ते. न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आणि मला आनंद झाला. हे गाळलं तर बाकीचं लिहून उपयोग नाही. मधे कुणाचा हात न लागलेली अशी रेषा मिळावी म्हणून लोक वर्षं घालवतात. आता उजाडेलच, उजाडलं की चढेल, असं मी स्वतःला सांगितलं. फोन हातातच होता आणि मालकांचा नंबर त्यात होता. मी चहा ठेवला, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि बघत राहिले. रेषा तळाला जाऊन आडवी झाली. चहा मी पूर्ण प्यायले.

उजाडल्यावर मालकिणीचा फोन आला. "मॅडम, मासं उलटं पडलंत."

मी पोचले तेव्हा मासे काठावर काढून ठेवले होते. काहींचं तोंड अजून उघडं होतं. मालकीण सांगत होती, अंधारातच पाण्यात फटाफट आवाज यायला लागले, मासे वर येऊन तोंड मारत होते. सासू ओरडली, मोटार लाव. नवरा बटणापाशी गेला आणि परत आला.

"हे बोलले, मॅडमला शब्द दिलाय. मी बोलली, फोन तरी करा. तर बोलले, बाई मानसाला या वेलेला कुठं फोन करतंस, झोपली असतील."

मी झोपले नव्हते.

म्हातारी काठावर बसली होती. तिने तोपर्यंत गुन्हेगार ठरवला होता. आदल्या संध्याकाळी पुतण्या, म्हणजे मालकांचा चुलतभाऊ, बांधावर दिसला होता, हातात डबा होता. बांधाच्या हद्दीवरून दोन्ही घरांत जुना अबोला होता. मालकांनी सुरुवातीला नकारार्थी मान हलवली, मग आईचं बोलणं ऐकता ऐकता त्यांचाही चेहरा बदलला. उन्हाने सगळे मासे एका रात्रीत मरतात, यापेक्षा भावाने मारले हे पटायला सोपं होतं. शिवाय उन्हाला गावकीत उभं करता येत नाही.

"मॅडम, तुमी सायन्सवाल्या," मालक म्हणाले. "औषधच ना हे?"

"पाण्याचा नमुना नेते," मी म्हणाले. "तपासून सांगते."

तपासायचं काही नव्हतं. उत्तर पर्समध्ये, मोबाइलवर होतं. तरी मी बाटली भरली, वर तारीख घातली आणि निघाले. सोमवारपर्यंत ती बाटली फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे होती.

गुरुवारीच दुपारी सरांचा फोन आला. त्यांनीही रेषा पाहिली होती.

"मॅडम, गोल्ड आहे हे! सेन्सर चालू असताना पूर्ण क्रॅश. यावर एक पेपर सहज होतो."

"सर, त्यांचे सगळे मासे मेले."

"हो, सो सॉरी. पण नॅचरल इव्हेंट आहे ना. आपण काय केलं?"

"आपण मोटार बंद ठेवायला सांगितली होती."

मग ते म्हणाले, "ते मेथडमध्ये येईलच. 'नो एरेशन.' पाण्यात हवा सोडली नाही, एवढं पुरे." एका चांगल्या मुलाने काळजीने दिलेला सल्ला होता तो. मला त्याचा राग आला नाही. मीही गुरुवारी पहाटे तेवढंच पुरे म्हटलं होतं.

तर रविवारी मी हा मासा कापत होते. कल्ले लाल होते, मासा अगदी ताजा. तुकडे केले, हळद-मीठ लावलं. नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याला मी शुक्रवारीच सगळं सांगितलं होतं.

"सांगितलंस का त्यांना?"

"घाईत होते."

"किती घाईत? 'विष नव्हतं' म्हणायला किती वेळ लागतो?"

"नुसतं 'विष नव्हतं' म्हणून भागत नाही. मग काय होतं ते सांगावं लागतं. मग ते विचारणार, तुम्हाला कधी कळलं."

"मग?"

"मग काय मग."

"तुला भीती कसली वाटतेय? सेन्सर काढून टाकतील याची?"

"तीही वाटतेय," मी म्हणाले. खोटं कशाला बोलायचं. दोन वर्षांचं काम त्या दोरीला बांधलेलं होतं. ते लोक ओरडले असते तर मला चाललं असतं. ते ओरडणार नाहीत याचीच जास्त खात्री होती.

दुपारी जिताडा जेवलो. फेकून दिला असता तर तो त्यांचा दुसऱ्यांदा अपमान झाला असता. नवऱ्याने दोन तुकडे घेतले. मी एक घेतला आणि तो संपवला. चव काय होती ते विचारू नका, मीठ कमी होतं एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रिक्षा करून गावात गेले. मालक अंगणातच होते. म्हातारी पडवीत मासळी निवडत होती. मी खुर्ची घेतली नाही, कारण बसले की चहा येतो आणि चहा आला की बोलणं लांबतं.

"तलावात औषध नव्हतं," मी म्हणाले. "पाण्यातला प्राणवायू संपला. उकाडा, आभाळ, वारा नाही. मोटार लावली असती तर बरेचसे वाचले असते. लावू नका असं मी सांगितलं होतं. ती माझी चूक."

मालक म्हणाले, "नाय मॅडम, तुमची कशाला, नशीबच आमचं..." मला भीती होती तेच चाललं होतं.

म्हातारीने हातातली मासळी खाली ठेवली. "थांब रे तू. काय गो बाय, तुला हे कवा कललं?"

"गुरुवारी पहाटे. मोबाइलवर दिसत होतं."

"मासं जित्तं व्हतं तवा?"

"हो."

"आनि तू बगत व्हतीस."

"हो. बघत होते."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. "तू शब्द पालत बसलास," ती त्याला म्हणाली, "आनि ही सिनेमा बगत बसली." सून आतून बाहेर आली होती, ती पदर तोंडाला लावून पुन्हा आत गेली. मालक तलावाकडे गेले आणि पाठ करून उभे राहिले.

मी म्हणाले, "सेन्सर काढून नेऊ का?"

"त्याचं नंतर," म्हातारी म्हणाली. "आधी त्याच्या दारात जा. आमी त्याला नको नको ते बोललो. आमचं तोंड जात नाय तिथं. तुजं तोंड घेऊन जा."

चुलतभावाचं घर चार पावलांवर होतं. मांडवाचे बांबू रोवून झाले होते, कापड वर चढत होतं. मुलीचा बाप शिडी धरून उभा होता. मी कोण ते त्याला माहीत होतं. मी जवळ जाऊन हळू आवाजात सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मग तो म्हणाला, "डब्यात चुना व्हता. बांधावर खेकड्यांची बिलं बुजवायला. चार दिवस सांगतोय, कोन ऐकत नाय."

"मी त्यांना सांगितलंय."

"त्यांना सांगितलंत. आनि ह्यांना?" त्याने मांडवातल्या माणसांकडे हात केला. मंडपवाले, शेजारी, भांडी उतरवणारे दोघं. सगळे आमच्याकडेच बघत होते. "मला चार लोकांत विष टाकनारा बोलले, मॅडम. माज्या कानात काय सांगता? मोठ्यानं बोला."

शिडीवरचा माणूस काम थांबवून खाली उतरला. मी पर्स खांद्यावर नीट घेतली, मांडवाच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, मी चहा पीत होते तेही.