शीग लावून दिलेला कोळसा

माझ्या हातून आयुष्यात मोठा घोटाळा एकच झाला आणि तोही हात न लावता, चिमट्याने.

लग्न होऊन मी कामठ्याजवळच्या एका गावात आले तेव्हा आमचा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता आणि गोंदियाला जायचं म्हणजे बैलगाडीत अर्धा दिवस हाडं खिळखिळी करून घ्यायची. सासरचं घराणं तलाव बांधणाऱ्यांचं. जमिनीचा उतार बघून पाणी कुठे अडेल ते ओळखायचं आणि तिथे मातीचा बांध, म्हणजे पाळ, घालायची, हे त्यांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं काम. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. आमचे मामाजी सत्तरीपलीकडचे. त्यांच्या आजोबांनी तलाव बांधला होता, वडिलांनी बांधला होता, आणि यांच्या वाट्याला नुसत्या दुरुस्त्या आल्या होत्या. डोळे मिटायच्या आत आपल्या हातचा एक तरी तलाव भरलेला बघायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. जागा ठरली, नाल्याच्या वळणावर खणायला सुरुवातही झाली, आणि आठच दिवसांत मातीतून दगडाच्या धारदार चिपा आणि कोळशाचा काळा थर निघाला. मग ही बातमी ऐकून पुण्याकडचे एक साहेब आले.

साहेब डॉक्टर होते, पण जुन्या दगडांचे. हे कळेपर्यंत निम्मं गाव त्यांना खोकला दाखवून गेलं. ते भिडस्त, कुणाला नाही म्हणवेना, म्हणून सगळ्यांना सुंठ-गूळ सांगायचे. गंमत म्हणजे गुण यायचा. मामाजींना त्यांनी हात जोडून सांगितलं, "काका, ही फार फार जुन्या माणसांची चूल दिसते. शेती, मडकी काहीच ठाऊक नसलेल्या माणसांची. या कोळशाचं वय कळेपर्यंत तलाव थांबवा. जुना निघाला तर ही जागा राखून ठेवायला हवी. नाही निघाला तर खुशाल खणा."

"कोळशाचं वय कसं समजते?" मामाजींनी विचारलं.

साहेब म्हणाले, झाड जिवंत असतं तोवर हवेतून एक गोष्ट आत घेत राहतं. मेलं की घेणं बंद, आणि आत साठलेलं हळूहळू कमी होत जातं. परदेशात एक यंत्र आहे, ते उरलेलं मोजतं. मग मामाजी म्हणाले, "म्हणजे पाऊस गेल्यावर तलाव आटते तसं. उरलेलं पानी पाहून मी सांगतो ना, पाऊस जाऊन किती दिवस झाले." साहेबांनी वही काढून हे लिहून घेतलं. मामाजींनी थांबायचं कबूल केलं ते त्या वहीमुळे, असं मला अजून वाटतं.

खोदकामाच्या जागी साहेबांचे दोन नियम होते. कोळशाला हात लावायचा नाही आणि आसपास बिडी ओढायची नाही, राख मिसळते म्हणून. गोंदियाकडच्या माणसाला बिडी ओढू नको म्हणणं म्हणजे श्वास घेऊ नको म्हणण्यासारखं. मजूर दहा मिनिटं खणायचे आणि बिडीसाठी धानाच्या दोन बांध्या ओलांडून जायचे. त्या हिवाळ्याचं निम्मं काम जाण्यायेण्यातच गेलं.

मी सातवी पास, अक्षर बरं. म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. साहेबांच्या तंबूत शिरून एका शेळीने त्यांचा नकाशा खाल्ला, तेव्हापासून कोळशाचा डबाही आमच्या घरी, माझ्या ताब्यात आला. सासूबाईंना हे अजिबात पसंत नव्हतं. घरात तांदूळ ठेवायला डबा नाही आणि सून कोळसे जपते, असं त्या येईल त्याला सांगायच्या.

जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी ओसरीवर डबा उघडला. जेमतेम निम्मा भरला होता. "कमी आहे हो," ते म्हणाले, "त्यांना डबाभर लागतो. पाहू, चालवून घेतील." आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मलाच लाज वाटली. आमच्या घरात माप सपाट द्यायची पद्धत नव्हती. पायलीच्या काठावर धान्याची शीग उभी राहिली पाहिजे, मग घेणारा सोयरा असो की सूप विकणारी. त्याच दिवाळीत मी एकीला सपाट पायली दिली म्हणून सासूबाईंनी मला चार बायकांत धुऊन काढलं होतं. आता आमच्या दारातून एवढा विद्वान माणूस अर्धा डबा घेऊन जाणार, आणि तोही परदेशी पाठवायला! मी चुलीतले विझलेले कोळसे निवडले. मोहाच्या लाकडाचे, टणक. साहेबांनी हात लावू नका म्हटलं होतं, म्हणून एकेक चिमट्याने उचलून ठेवला. झाकण दाबून बसवावं लागलं. साहेबांनी डबा हातात घेतला आणि म्हणाले, "अरे, काल मला कमी वाटला होता!" मी पदराआड हसले. किती शहाणी होते मी.

उत्तर यायला वर्ष लागलं. ते वर्षभर मामाजी रोज नाल्यावर जाऊन उभे राहायचे आणि परत यायचे. शेवटी साहेब स्वतःच आले, बिछान्याची वळकटी घेऊन. चेहरा पांढराफटक. चावडीवर सगळ्यांदेखत म्हणाले, "माझी चूक झाली. त्यांनी डब्यातले वरचे टणक तुकडे मोजले, कोळसा आजकालचाच आहे. तुम्ही तलाव खणा." एकजण मागून ओरडला, "सायेब, आमच्या चुलीतला तं नाई ना नेला?" सगळे पोट धरून हसले. साहेबही हसले, पण ते हसणं मला बघवेना.

मामाजी मात्र दहा वर्षांनी तरुण झाले. गूळ वाटला, खणायला माणसं सांगितली, पाळ आखायच्या मेखा तासायला घेतल्या. इकडे मला एकटीलाच ठाऊक होतं, तो कोळसा कुठल्या चुलीतला. बोलले नाही तर तलाव होणार आणि कुणालाही काही कळणार नाही. दोन दिवस मी जेवले नाही. सुनेने सासऱ्याशी समोर बोलायची रीत नव्हती, म्हणून दाराआडून, भिंतीकडे तोंड करून मी सगळं सांगून टाकलं.

तासणीचा आवाज थांबला. मग प्रश्न आला, "किती टाकला?"

"शीग लागेवरी."

मामाजी हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. "आटलेल्या तलावात भरला तलाव ओतला वो तुनं!" मग हसू थांबलं. हातातल्या मेखेकडे बघत ते म्हणाले, "सायबाची लोकं मजा घेऊन राहिले. त्याले सांगा लागते." आणि गाडी जुंपायला उठले. मला वाटलं होतं रागावतील. रागावले असते तर सोपं गेलं असतं.

साहेब परत निघून सडकेवर नव्याने सुरू झालेल्या बसची वाट बघत होते. मी गाडीतूनच सांगितलं. ते वळकटीवर मटकन बसले. "चिमट्याने?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुम्हीच म्हटलं होतं, हात लावू नका."

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं ते मला कळलं नाही. नाल्यावर चुलीचा एक कोपरा त्यांनी न खणता ठेवला होता. तो त्यांनी आता स्वतः खणला, डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला, आणि आमच्या घरी जेवायला बसतानाही तो खाली ठेवला नाही. मामाजींनी तासलेल्या मेखा माळ्यावर टाकल्या.

या खेपेचं उत्तर पत्राने आलं. मीच वाचून दाखवलं. कोळसा इतका जुना की यंत्राला मोजता येतं त्याच्याही पलीकडचा. निदान एवढा जुना, इतकंच सांगता येतं. वर किती, ते माहीत नाही. मामाजी ऐकत होते. "म्हणजे तिथं तलाव नाई," ते म्हणाले आणि उठून गेले. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मेखा खाली काढल्या. त्यांचे दोन्ही मुलगे सोबत जायला उठून उभे राहिले. मामाजी त्यांना बसा म्हणाले आणि मला म्हणाले, "चाल." तोवर त्या घरातली बाई जागा बघायला कधी गेली नव्हती. नाल्याच्या खाली, वस्तीकडच्या उतारावर ते काठी टेकून थांबले. तिथे मोठा तलाव होण्यासारखा नव्हता, लहानशी बोडी झाली असती. ती पुढे झाली, आणि भरलेली त्यांनी पाहिलीही. पण त्या सकाळी त्यांनी मला विचारलं, "सांग बरं, इथं पानी कुठं थांबन?"

चूल कुठल्या भिंतीला घालायची हेसुद्धा मला त्या घरात कुणी विचारलं नव्हतं. मी घाबरत घाबरत एका बाभळीकडे बोट दाखवलं. "जराशी खाली," म्हणून त्यांनी मेख आणि दगड माझ्या हातात दिला. मला रडू आलं आणि मेख वाकडी बसली. त्यांनी ती उपटली आणि पुन्हा माझ्याच हातात दिली.