अनिता वहिनींचा शब्द

वरसे गावात कुणी गेलं, की दहाव्या दिवशी कुंडलिकेच्या घाटावर 'दोन शब्द' बोलायला महिपतींनाच उभं करतात. जन्मभर कंपनीत शिफ्ट केल्या, पण जीव सगळा शब्दांत. फ्लेक्सवरचे 'मनमिळाऊ', 'दिलदार' असले गुळगुळीत शब्द त्यांना बिलकूल खपत नाहीत. ज्याचा शब्द त्याला मिळाला पाहिजे, हा त्यांचा हेका. घड्याळवाल्या रघूला त्यांनी 'निवांत' दिला. रिक्षावाल्या सख्याला 'घायकुता' म्हणाले, तेव्हा त्याचा मुलगा आधी चपापला, मग म्हणाला, "बरोबर हाय." महिपतींचं भाषण रंगलं की पिंडाला शिवायचं सोडून कावळाही ऐकत बसतो, अशी गावात चेष्टा चालते. ती त्यांना मनातून आवडते.

यंदा त्यांच्या चुलतभावाची बायको, अनिता वहिनी, गेल्या. नवव्या दिवशी दुपारी महिपती पडवीत भाषण पुटपुटत होते. त्यांची बायको हौसा, धरमतरकडच्या मिठागरवाल्यांची लेक, समोर भिजवलेले वाल सोलत बसली होती.

"काय शब्द काढलात वैनीला?"

"सोशिक. लय सोसलं गो तिनं."

हौसाचा हात थांबला. "सासूबाय गेल्या तवा काय बोललात?"

"आई सोशिकच होती."

"आनि शेजारच्या दिपिकाची आजी गेली तवा?"

"तीपन सोशिकच," महिपती खाली बघत म्हणाले.

"बाप्यांना एकेक शब्द येचून देता, आनि आमा बायांना सगळ्यांना एकच! हळदीकुंकवाचं वाण हाय काय ते? उद्या मी गेले की मलापन तोच ना?"

वालांचं ताट उचलून ती आत निघून गेली.

बोलणं वर्मी लागलं. घाटावर आपण निरोप दिलेली एकेक बाई महिपतींनी आठवून पाहिली. कुणाला काय आवडे, कोण कशाने चिडे, काही ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. आणि दहावं तर उद्यावर आलेलं. शब्द सापडला नाही, तर वहिनीही वाणातली एक होऊन जाणार होती.

संध्याकाळी ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसले. "वैनी कशी होती, सांग ना मला."

हौसाने आधी दोनचार भांडी आपटली. मग सांगायला लागली, ती आमटी उतू गेली तरी थांबेना.

दुसऱ्या दिवशी घाटावर महिपती उभे राहिले. "अनिता वहिनी सोशिक नव्हती," त्यांनी सुरुवात केली. कुजबुज झाली. वहिनींच्या मुलाने, जितेशने, मान वर केली.

"ती हट्टी होती. घरच्यांनी प्लॉट पाडायला शेत द्यायचं ठरवलं, तेव्हा ही बांधावर खाट टाकून बसली. मोजणीवाले हात हलवत परत गेले. त्या शेतात आजही वाल होतात. आपण सगळ्यांनी खाल्लेत."

"व्हय गो बाय, हट्टीच!" बायकांतून कुणीतरी म्हणालं, आणि जितेश लहान मुलासारखा रडायला लागला.

घरी परतताना हौसाने पदराने डोळे पुसले. मग म्हणाली, "आता माजा शोधायला घ्या."

"हट्टी चालंल?"

"तो वैनीला दिलात. उष्टा नको मला. नवा शोधा, आनि मी ऐकायला हाय तवरच सांगा."