पुराव्याचा ऊस
रसवंतीपाशी ताज्या रसाचा वास आला की मांजरी गावातला तो उसाच्या प्रयोगाचा मळा आठवतो. कचेऱ्यांत नुकते संगणक येत होते तेव्हा, सरकारने संशोधनाला दिलेल्या पैशांचा हिशेब तपासायला मी तिथे गेलो होतो. तपासणीच्या जागी चहासुद्धा घ्यायचा नाही, हा आमचा दंडक. कमी पाण्यावर गोड ऊस पिकलाय, याची मला खात्री पटली नाही तर अनुदान थांबणार होतं, आणि नेमकं गोडी मोजायचं यंत्र बंद पडलं. संशोधक बाईंनी एक कांडं तोडून पुढे केलं. "अहो साहेब, लाच नाही, पुरावा आहे. चावा!" रस हनुवटीवरून शर्टावर ओघळला, सगळे हसले, मीही हसलो, आणि अनुदान वाचलं. पहिलं कांडं सरकारसाठी खाल्लं, असं आजही स्वतःला सांगतो. दुसरं मात्र मी मागून घेतलं होतं, ते अहवालात लिहायचं राहूनच गेलं.